दोनदा हाक, मग गप्प

कोरीन,

मी टर्कीच्या शिकारीला टेकडीवर चाललोय. हसलीस तरी चालेल. आजोबांची बंदूक आणि घासली की टर्कीच्या मादीसारखी ओरडणारी त्यांची लाकडी डबी नेतोय. बिस्किटं ओव्हनमध्ये आहेत, एखादं तरी खा.

काल नर अगदी जवळून ओरडत होता. मी डबी घासतच राहिलो, तर तो जागचा हलेना, आणि शेवटी निघूनच गेला. शेजारचा हार्लन मला म्हणाला, "अरे शहाण्या, मादी एवढी बोलावतेय म्हणजे तीच येईल, असं वाटून तो उभा राहतो. दोनदा हाक मार आणि गप्प बस. मग तो शोधत येतो."

डेलचं घर सोडून तू माहेरी आलीस, त्याला तीन आठवडे झाले. मी दिवसातून दहादा तुझं दार वाजवतो. दुसरं काय करावं, मला सुचतच नाही. आजपासून नाही वाजवणार.

कुंपणापलीकडच्या मोठ्या ओकखाली दुपारी एकपर्यंत बसेन. यावंसं वाटलं, तर तुझी लाल टोपी मात्र घालू नकोस. नराचं डोकं लाल असतं, आणि मी अजून अगदीच नवखा आहे.

बाबा