शेंड्याकडून मुळाकडे

१३ जून १९९४, इंदापूर

शाळेत रुजू झालो. खोली ऐसपैस आहे. तान्ह्या सृष्टीने नवी सतरंजी भिजवून गृहप्रवेश उरकला, आणि माझ्या बायकोने, रोहिणीने नाक मुरडलं तरी पाळणा टांगायला आढं मिळालं म्हणून ती खूश आहे. मीही खूश, कारण आमच्या जातीच्या वंशावळी राखणारे भाट आळीत उतरलेत. आम्ही ओतारी, पितळी घंटा ओतणारे. मूळचे कुठले, हे घरात कुणालाच सांगता येत नाही.

१९ जून

रामहरी भाट जेवायला आले. डोळ्यांत मोतीबिंदू, काखेत वंशावळीचं बाड. शेवटचं नाव माझं, रविराज. मी त्याखाली सृष्टीचं लिहायला सांगितलं. म्हणाले, "लेकीचं नाव बाडात जात न्हाय, मास्तर. ती दुसऱ्या मुळाला लागती." मी ऐकतो कसला, स्वतःच्या हाताने लिहिलं. वाचायचं तर मुळापासून वाचा, असं बजावून ते अंघोळीला गेले.

पण मला सृष्टीच्या जातीच्या दाखल्यासाठी नावं हवी होती, आणि त्या अर्जात क्रम असतो: अर्जदार, बाप, आजा. म्हणून मी खालून मोठ्याने वाचत गेलो आणि रोहिणीने उतरवून घेतलं. सृष्टी, रविराज, सिद्धू, गेणबा, सुभाना, लखमाजी, खेमजी. खेमजी पाटणहून आलेला. मला भरून आलं.

भाट दारात उभे होते. "मुळापासनं वाचलं की माणूस पेरला जातोय. उलटं वाचलं की उपटला जातोय." एवढंच बोलले आणि न जेवता गेले. बाड इथेच टाकून. भाट बाड सोडून गेल्याचं आळीत कुणी ऐकलं नव्हतं.

२१ जून

काल खेमजीची ओळ कोरी झाली, आज लखमाजीची. म्हटलं, दमट हवा. पण रोहिणीच्या कागदावरही दोन ओळी कोऱ्या आहेत. नावं मुळात पाचच होती, असं ती शपथेवर सांगते. या वहीतली नावं शाबूत आहेत, पण वाचून ओळखीची वाटत नाहीत.

२३ जून

काल सुभाना. आज आजोबा, गेणबा. लासुर्ण्याला माझ्या वडिलांना, आबांना फोन केला, त्यांच्या वडिलांबद्दल विचारलं. आबा शांतपणे म्हणाले, "मला बाप कुठला?"

ओळी मुळाकडून खाली जातायत. पहिलं नाव मी माझ्या लेकीचं घेतलं, तेच सगळ्यात खाली आहे. मला भीती वाटते.

२४ जून

आबांचं सिद्धू हे नाव गेलं. पुन्हा फोन. आई म्हणाली, "कोण आबा? मी हितं एकटीच हाय की." भाट सापडत नाहीत. मुळापासून सुलटं वाचू म्हटलं तर वर ओळीच नाहीत —

२५ जून

मस्टरवर माझं नाव नाही. मुख्याध्यापकांनी विचारलं, कुणाला भेटायचंय. रोहिणीने मला पाहून पदर सावरला, पाहुण्याला द्यावं तसं पाणी दिलं.

उद्या सृष्टी. बाडात नावच नसलं तर उपटणार काय? मीच लिहिलं, मीच काढतो. ब्लेड —

खरवडलं. एक अक्षरही ठेवलं नाही. सुटली.

पाळण्याची कुरकुर थांबली. त्या बाई दारात आल्यात. हातात त्याची दोरी. पाळणा कुणी टांगलाय, विचारतात. रडतायत, पण कशासाठी ते —

मागच्या पानांवर कुणी सृष्टी आहे. अक्षर माझंच. कोण ही