काच ओलीच ठेवायची

ता. ४ मार्च

चि. सौ. ताईस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. सूनबाईचा खोकला गेला. माझा चष्मा सापडला, फ्रीजमध्ये होता. कुणी ठेवला ते विचारू नकोस. खुशाली इथे संपली. आता खरं सांगतो. काल जे पाहिलं त्यानं मी अजून हबकलेलो आहे.

तुझ्या भावानं काचा धुवायचा तो पोल घेतला, हे तुला माहीत आहेच. मी त्याला बांबू म्हणतो आणि त्याला राग येतो. लांबच लांब दांडा, टोकाला ब्रश, ब्रशापर्यंत पाण्याची नळी, आणि गाडीत टाकी. टाकीतलं पाणी म्हणे गाळून गाळून इतकं शुद्ध केलेलं असतं की त्यात काहीच उरत नाही. ज्यात काहीच नाही ते धुणार कशानं, असं मी विचारलं, तर तो नुसता हसला.

पण मी घ्यायला नाही म्हटलं नव्हतं, याला तू साक्षीदार आहेस. मागच्या वर्षी वाचनालयाच्या मागच्या बाजूला त्याची शिडी सरकली आणि पोरगं सज्ज्याला लोंबकळलं, तेव्हा खाली मीच उभा होतो. त्याचे पाय जमिनीवर राहणार असतील तर बांबू काय, त्यानं हत्तीची सोंड आणली तरी माझी ना नाही.

तर काल मी पहिल्यांदाच त्याच्याबरोबर वाचनालयात गेलो. त्यानं खाली उभं राहून वरच्या मजल्याच्या काचा घासल्या, पाणी मारलं, दांडा मिटला आणि नळी गुंडाळायला घेतली. काचा ओल्याच. टपाटप गळत होत्या. आता हा पुसेल म्हणून मी वाट पाहतोय, तर तो गाडीत जाऊन बसला. पुसायचं कधी म्हणून विचारलं, तर म्हणाला की पुसायचंच नसतं, काच ओलीच ठेवायची, आपोआप वाळते आणि डाग पडत नाही.

ताई, काय सांगू. उभ्या आयुष्यात मी काचेवर थेंब ठेवून शिडी उतरलो नाही. ओली काच सोडून जायचं म्हणजे न्हाव्यानं गालाला साबण तसाच ठेवून गिऱ्हाईक उठवण्यासारखं झालं. लोक त्याला काही म्हणणार नाहीत. म्हणतील, बापानं काय शिकवलं.

तू त्याला समजावून लिही. माझं तो ऐकून घेतो, पण ऐकत नाही. जावयांना नमस्कार, मुलांना पापे. उत्तराला उशीर केलास तरी लोभ आहे तेवढाच राहू दे.

तुझे,
बाबा

*

ता. २६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझा मोबाईल टाकीत पडून वारला. शुद्ध पाण्यात गेला, एवढंच समाधान. घरचा फोन बाबांच्या खुर्चीशेजारी असतो आणि हे त्यांच्यासमोर बोलण्यासारखं नाही, म्हणून पत्र.

मी पोल विकायला काढतोय. वाचून धक्का बसेल, पण मला बसला त्याच्यापुढे काही नाही. मागच्या आठवड्यात वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी मला वरच्या मजल्यावर नेलं, एक खुर्ची खिडकीकडे वळवली आणि बसायला सांगितलं. सकाळचं ऊन काचेवर आलं आणि सगळं दिसलं. काचभर पांढरे, वाकडे फराटे. वरून खाली नागमोडी येणारे, आणि प्रत्येक काचेच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटीशी गोल गिरकी. एका काचेवर असती तर योगायोग म्हटला असता. सगळ्या काचांवर तेच. ही माझ्या हातची काच आहे हे मला खरंच वाटेना.

गाळणी बदलली, ब्रश बदलला, पाणी मीटरनं तपासलं तर अगदी निर्मळ. दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यानं दवाखान्याच्या काचा धुतल्या, त्या आरशासारख्या. वाचनालयात पुन्हा धुतल्या, पुन्हा तेच फराटे. माझी मतीच गुंग झाली. बाई म्हणाल्या की शिडीवरून पुसत होतात तेव्हा असा एक डाग दिसला नाही. पुढच्या महिन्यापासून जुन्या पद्धतीनं करणार असाल तर या, नाहीतर त्या दुसरा माणूस बघतील. वाचनालय गेलं की बाकीचेही मागोमाग जातात. या गावात बातमीला पाय नाहीत, पंख आहेत.

म्हणजे पुन्हा शिडी. ताई, शिडीचं नाव काढलं तरी माझे तळवे घामेजतात. हे बायकोलाही सांगितलेलं नाही, तुला सांगतोय. बाबांना यातलं काहीच बोललो नाही. 'सांगितलं होतं' हे त्यांचं वाक्य ऐकायची आत्ता ताकद नाही. ते मात्र हल्ली कमालीचे खुशीत आहेत, देव जाणे कशानं.

तुझा सल्ला कळव. रागावलीस तरी चालेल, माया पातळ करू नकोस.

तुझा,
भाऊ

*

ता. २८ मार्च

चि. सौ. ताईस,
अ. उ. आ. वि. वि.

भावाला समजावलंस, तो बधला नाही, हे तुझ्या पत्रावरून कळलं. जाऊ दे. मी वाद घालणं सोडून दिलंय. आठवड्यातून दोनदा सकाळी, वाचनालय उघडायच्या आत, तो तिथल्या काचा उरकून पुढच्या कामाला गेला की मी पाय मोकळे करायला तिकडे जातो. तिथला पहारेकरी माझा जुना दोस्त. दोन गोष्टी होतात, वेळ जातो.

सूनबाई विचारते की फिरून आल्यावर बाह्या ओल्या कशा. तिला म्हटलं, दव. खांदा जरा भरून येतो, बाम लावला की उतरतो. तू मागच्या खेपेला आणलेलं मऊ चामड्याचं फडकं फार कामी येतंय. तसलंच आणखी एक पाठव.

आणि एक सांगू का, वाचनालयाच्या काचा आता बघण्यासारख्या असतात. नाव पोराचं होऊ दे, आपल्याला काय करायचंय. तू सुखात राहा आणि म्हाताऱ्याला विसरू नकोस.

तुझे,
बाबा

*

ता. १ एप्रिल

चि. भाऊस,
अ. आ. वि. वि.

हे पत्र माझ्या जावेच्या भावाबरोबर पाठवतेय. तुझ्याच हातात द्यायचं, असं त्याला चारदा बजावलंय. आधी बस आणि मग वाच.

तुझं पत्र आणि बाबांचं पत्र लागोपाठ आली. तुझं वाचलं, त्यांचं वाचलं, मग पुन्हा तुझं वाचलं. शेगडीवरचं दूध उतू गेलं ते करपल्याचा वास आल्यावर कळलं.

ती कोपऱ्यातली गिरकी ब्रशची नाही रे. ती बाबांची आहे. तू पाळण्यात होतास, तुला आठवणार नाही. आपल्या खिडक्या बाबाच पुसायचे. शेवटचा हात मारला की फडकं बोटावर गुंडाळून कोपऱ्यात गर्रकन फिरवायचे. मी थंडीत काचेवर तोंडानं वाफ सोडायची आणि कोपऱ्यात ती गिरकी उमटायची. मला वाटायचं, ही बाबांची सही आहे. कुणाला सांगितलं नव्हतं, आज तुला सांगतेय.

आता बाबांचं ऐक. सकाळी तुझ्यामागून ते वाचनालयात 'फिरायला' जातात. बाह्या ओल्या होतात. खांदा भरून येतो. माझ्याकडे आणखी एक फडकं मागतात. या दिवसांत कसलं आलंय दव? अरे, सत्तरी उलटलेला माणूस तुझ्या पाठोपाठ तिथे शिडी चढतोय. तू ओल्या ठेवलेल्या काचा पुसतोय. मी लिहितेय आणि माझाच विश्वास बसत नाही.

मी घरी फोन केला होता. त्यांनीच उचलला, आणि पहिला प्रश्न केला की फडकं पाठवलंस का.

पोल विकू नकोस, त्याचा काही दोष नाही. आधी बाबांना खाली आण. आणि हात जोडून सांगते, ते वर असताना हाक मारू नकोस. दचकतील. झालं की त्याच दिवशी पत्र टाक, तोवर माझा जीव टांगणीला आहे.

तुझी,
ताई

*

ता. ३ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबा सुखरूप आहेत. आता पुढचं सावकाश वाच.

आज मुद्दामच पोलनं वाचनालय उरकलं, नेहमीसारखी गाडी काढली, वळणावर उभी केली आणि चालत मागे आलो. मागच्या भिंतीला आपली जुनी लाकडी शिडी लावलेली. ती मोडीत गेली असं मी समजत होतो. बाबांनी पहारेकऱ्याकडे जपून ठेवली होती. एक पायरी सुतळीनं बांधलेली. आणि वर, ज्या सज्ज्याला मी लोंबकळलो होतो तिथेच, बाबा. एक पाय पायरीवर, एक सज्ज्यावर. शिडी धरायला कुणी नाही. पहारेकरी चहा आणायला गेला होता.

हाक अगदी ओठांपर्यंत आली होती, ती तुझ्या शब्दाखातर गिळली. काय करावं सुचेना. मग हातांनी आपलं आपण तेच केलं जे लहानपणापासून करत आलेत. बुडाशी पाय लावला आणि शिडी घट्ट धरली. बाबांनी खाली न बघताच पहारेकऱ्याला शाबासकी दिली, की आज धरलीस बघ नीट, दर वेळी हलते. दर वेळी हलते, ताई.

मी मान वर करून पाहत राहिलो. लांब हात मारून काच पुसली, आणि शेवटी कोपऱ्यात ती गिरकी. इतकी वर्षं हाताखाली काम केलं आणि मी ती कधी पाहिलीच नव्हती, कारण मी कायम खालून शिडी धरून उभा असायचो.

उतरल्यावर मला पाहून ते चपापले. मी रागाची जुळवाजुळव करूनच आलो होतो. पण आधी तेच बोलले. म्हणाले की ओल्या काचांवरून लोकांनी नावं ठेवली असती तर तू पुन्हा शिडी काढली असतीस. तू खाली राहावंस म्हणून मी वर जात होतो. मी शिडी काढायलाच निघालो होतो, आणि ती त्यांच्या फडक्यामुळे. पहारेकऱ्याच्या बादलीत, साध्या नळाच्या पाण्यात ते फडकं भिजवतात. पूर्वी वरून कोरडं फडकं फिरायचं, आता एकच आहे. ते पाणी वाळलं की फराटे. ते तर काच वाळायच्या आत घरी जातात, त्यांना दिसणार कसे?

हे त्यांना सांगायला जीभ रेटली नाही. म्हटलं, थोडे डाग पडत होते, गाळणी खराब होती, आता बदलली. तूही एवढंच धरून चाल. त्यांच्याकडून एकच कबूल करून घेतलंय. पुढच्या वेळी माझ्याबरोबर यायचं, समोर खुर्ची टाकून बसायचं आणि काच वाळेपर्यंत हात लावायचा नाही. बाईंकडे तेवढी एक संधी मागून घेतलीय. शिडी घरी आणली आहे.

घाईत लिहितोय, अक्षर सांभाळून घे. आणि मलाही, नेहमीसारखंच.

तुझा,
भाऊ

*

ता. ११ एप्रिल

चि. सौ. ताईस,
अ. उ. आ. वि. वि.

मी आयुष्यात पहिल्यांदा काच वाळताना पाहिली.

पोरानं वाचनालयासमोर खुर्ची टाकून मला बसवलं. त्यानं धुतलं, दांडा मिटला आणि माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. काचा गळत होत्या. माझे हात इतके शिवशिवले की शेवटी मी ते मांडीखाली घेऊन बसलो. मग ऊन आलं. थेंब बारीक होत गेले आणि जिथल्या तिथे नाहीसे झाले. मागे काही म्हणजे काही उरलं नाही. ग्रंथपाल बाई वरून पाहून हसल्या. मी थक्क झालो. पाणी स्वतःला पुसून निघून जातं, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

पोराला आनंद झाला आणि आनंदात तो बडबडला, की दवाखान्याच्या काचा पहिल्या दिवसापासून अशाच वाळतात. मी हूं म्हटलं. आणि मग, ताई, मला खुर्चीतून उठताच येईना. टाकी एक, पाणी एक, गाळणीही एकच. गाळणी बिघडली असती तर डाग दवाखान्यातही पडले असते. मी काही दूधखुळा नाही. दवाखान्यात जे नव्हतं आणि वाचनालयात होतं, असं एकच होतं. माझं फडकं.

ज्याचे पाय जमिनीवर राहावेत म्हणून धडपडलो, त्याला मीच शिडीकडे ढकलत होतो. पोरगा विचारत होता की बरं वाटत नाहीये का. म्हटलं, ऊन लागलं.

घरी येऊन करवत मागितली. शिडी अंगणात आडवी घातली आणि मधोमध कापली. तो आणि सूनबाई तोंडात बोट घालून बघत राहिले. एक अर्धी माळ्यावर चढायला होईल, दुसरीवर सूनबाई वेल सोडणार आहे. त्याला वाटतंय, म्हातारा वयाला शरण गेला. वाटू दे. गाळणीची गोष्टही मी खरी मानली, असंच त्याला लिही. त्याला लहानपणी धड खोटं बोलता यायचं नाही, कान लाल व्हायचे. या वेळी कान लाल झाले नाहीत. इतकं मन लावून तो माझ्यासाठी खोटं बोलला, ते फुकट जायला नको.

आता दर वेळी मी त्याच्याबरोबर जातो आणि खुर्चीत बसतो. हात मांडीखाली. बाकी ठीक. मुलांना घेऊन ये, तोवर आठवण ठेव.

तुझे,
बाबा

ता. क. फडकं पाठवू नकोस. पाठवलंच असशील तर चष्म्याला होईल.