सोनीले रडवलं ते

३ फेब्रु. मंगळ.
नातीचा, सोनीचा, वणीहून फोन. बारा वर्षाखाली आपल्या गावात शूटिंगले आलता तो फरान्सचा सिनेमावाला, त्याच्यावर तिकडं बोंब उठली. तीन नट्या म्हणतात, हा माणूस आमचं घरचं दुखणं हुडकून आणे अन् कॅमेरा चालू करून तोंडावर मारे. जन्मभर हेच केलं म्हणे. अर्धे लोक त्याले देव मानतात, अर्धे थुकतात.
"आजी, माह्यासंगबी असंच केलतं ना त्यानं?"
म्हटलं कुकर लावला आहे, ठेव. कुकर नोता लावला.

४ फेब्रु.
तुरी पाखडल्या. ध्यान नाई. लिहून टाकतो.
बिदाईले नवरी रडली नाई त लोक नावं ठेवतात. म्हणून मले बलावतात. कानात कधी बापाचं, कधी गोठ्यातल्या गाईचं काही सांगतो, नवरी धो धो रडते. साऱ्या बाया मंग हासतात.
सिनेमात सोनीले माय मेलेल्या पोरीचं काम. रडेच ना कार्टी. सात खेपा झाल्या. फरान्सवाल्यानं मले खुर्ची देली. दुभाषी बाई इचारे, आजी, हिले कायनं रडू येईन? मले वाटलं बिदाईचंच काम. फुगली मी. सांगून देलं, हिची माय मराच्या आधी यवतमाळच्या दवाखान्यात दोन दिवस "सोनीले आणा" म्हणत होती. मीच आणू देलं नाई. पोरगी भेईन म्हणून.
सोनीले हे माहीत नोतं. बाईनं कॅमेऱ्यापुढं सांगतलं तिले.
लोकाईनं टाळ्या वाजवल्या. म्याबी.

५ फेब्रु.
तवापासून पोरीनं घरात मायचं नाव नाई काढलं. मी लोकाईले सांगो, समजदार झाली.

६ फेब्रु. शुक्र.
सोनीचा फोन. "आजी, त्याले मायचं कोणं सांगतलं असन?"
"तुह्या बापाले इचार."
पोटच्या लेकावर ढकललं. तो तवा वावरात होता.
संध्याकाळी लेक जेवाले बसला. वरण वाढाले गेली त म्हणे, "राहू दे, बुढे." सोनीनं इचारलं असन त्याले.

८ फेब्रु. रवि.
सोनी आली. तिकडच्या त्या नट्याईच्या वकीलबाईले मोबाईलवर सारं सांगणार आहे. तिनं माहा पदर सारखा केला, मले मोबाईलपुढं बसवलं.
"तू त तिथंच होती ना, आजी. बाई इचारन तुले."
लेक उठून अंगणात गेला.
सोनी चहा ठेवून राह्यली. तवरिक लिहितो. वकीलबाई मोबाईलवर आल्यावर मी बोलली त पोरगी अजून एकडाव कॅमेऱ्यापुढंच आयकन. ते नाई. सोनीले आधीच सांगा लागते.
"सोने, इकडं ये."
"साखर टाकून येतो."