शाळेच्या फाटकावरचं गाऱ्हाणं

सोमवार, २१ जुलै

नाही होऊ देणार म्हणजे नाही! शनिवारी आठवीच्या पोरांना तास आहे – मुलाला मुलगा आवडू शकतो, त्यावरून कुणाला छळू नका. शाळेत हे शिकवायचं आता? म्हणे अल्पेश नावाच्या पोराला कुणीतरी मुतारीत कोंडलं, तो शाळाच सोडून गेला. पोरं मस्ती करतातच! आमचा सिद्धेश त्याच वर्गात. तो कधी रडत आलाय घरी?

शाखाप्रमुख नंदकिशोरभाऊ म्हणाले, "वहिनी, विषय तुम्हीच उचला." उचलला.

मंगळवार, २२ जुलै

मुख्याध्यापिका शर्मिष्ठाबाईंना तोंडावर सांगितलं, "हे आपल्या धर्मात बसत नाही." तर म्हणतात, "आणि छळणं बसतं?" काय उद्धट बाई!

बुधवार, २३ जुलै

झकास सुचलं! मोर्चे काय, सगळेच काढतात. आपण फाटकावर गाऱ्हाणं घालायचं. आमचे आबा – सासरे – नारळ धरून देवाला साकडं घालतात, तेव्हा अर्धं मुलुंड 'व्हय महाराजा' म्हणतं. भजनी मंडळ खूश.

आबा मात्र नारळ हातात घेईनात. सिद्धेशला शाळेतून रोज तेच आणतात. मी म्हटलं, "तास होऊ नये, एवढंच मागा."

"काय मागूचा ता माका कळता."

शुक्रवार, २५ जुलै

वाट लागली!

ही गर्दी! भाऊ, मंडळ, सगळ्यांचे मोबाइल वर. आबांनी नारळ धरला. "बा देवा महाराजा, ह्या शाळेतल्या पोरांक सांभाळ रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळ्यात मोठा आवाज माझा.

"जो कोण दुसऱ्याच्या पोराक बायल्या म्हणान छळता, मुतारीत कोंडून रडयता, तेका चांगली बुद्धी दी रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" – निघूनच गेलं तोंडातून! सवयच ती. भाऊसुद्धा ओरडले. मग सगळे एकमेकांकडे बघतायत. आबांनी शांतपणे नारळ फोडला, पहिलं खोबरं शर्मिष्ठाबाईंच्या हातावर ठेवलं.

"वहिनी, म्हातारा नक्की कुणाचा?" भाऊ म्हणाले. असा संताप आला! पण मी हरणारी नाही. उद्या फाटकात एकटी आडवी पडेन, बघूच तास कसा होतो ते.

शनिवार, २६ जुलै

मी चपला घालत होते. सिद्धेश दप्तर घेऊन दारात उभा. मान खाली.

"आई, आबांनी देवाला माझं नाव का नाही सांगितलं? अल्पेशला कोंडलं तर मीच होतं ना."

त्याचा हात धरला. तासाला नेऊन बसवला.