तू पाठवलेल्या प्रीअँपचा लाल दिवा

मानोऱ्याजवळचा तोच तांडा (पत्ता विसरला असशील तर कुरिअरच्या पावतीवर बघ)
दि. ८ डिसेंबर

चिरंजीव हेमसिंग यास,

थोरल्या भावाचा जय सेवालाल आणि आशीर्वाद. पुण्यात तू, अंजू आणि मुलं खुशाल असालच. आजारी असतास तर घरी पडून असतास आणि फोन उचलला असतास. इकडे याडी सोडून आम्ही सगळे बरे आहोत. (तू हल्ली 'आई' म्हणतोस असं कळलं. मी याडीच म्हणतो.) पत्राला कारण तूच. व्हॉइस मेसेज मी दुप्पट वेगाने ऐकतो, असं तू मोठ्या अभिमानाने सांगितलंस. तेव्हा म्हटलं, कागदच पाठवावा.

वीस तारखेला अकोल्याला याडीच्या घशाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, बोलता येईल, गाण्याचं सांगता येत नाही. नवरी सासरी जाताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते तो ढावलो आता अख्ख्या तांड्यात तिला एकटीलाच पुरता येतो. हे फोनवर सांगितलं तेव्हा तुझा आवाज दाटून आला (किंवा नेटवर्क जात होतं) आणि तू म्हणालास, "भिया, आपण रेकॉर्ड करून ठेवू." 'आपण' म्हणालास म्हणून मी वेडा समजलो की तू येणार. आला डबा.

डब्याआधी तुझा एक फोनही आला, हे कबूल करतो. माईक पाठवतोय, म्हणालास, पण त्याचा आवाज नाजूक असतो, तो मोठा करायला प्रीअँप लागतो. त्यात दोन जाती. एक आवाजाला ऊब देतो, दुसरा स्वतःचं काहीच मिसळत नाही. कोणता पाठवू? अरे, मला सोयाबीनचं बियाणं विचार! बावीस वर्षं आश्रमशाळेत पोरांवर ओरडून माझा स्वतःचा आवाज गेला, त्यात कोणी ऊब घातली नाही. पण मी म्हटलं, न मिसळणारा पाठव. दूध असो की आवाज, भेसळ नको. तू हसलास. त्या हसण्याचा राग अजून गेलेला नाही.

तर डबा आला. सोबतच्या कागदावरची अक्षरं मुंगीला चष्मा लागावा एवढी. एका बटणावर अठ्ठेचाळीस व्होल्ट लिहिलेलं. ते तुझ्या वहिनीने वाचलं आणि मेन स्विचच पाडला. "अठ्ठेचाळीस व्होल्ट लिवलं हाये अन् थे बुढीच्या तोंडापाशी कायले ठिवता?" माईकला तेवढी वीज लागते हे तू नऊ सेकंदांच्या मेसेजमध्ये सांगितलंस, पण रंजीता नऊ सेकंदांत पटणारी बाई नाही. शेवटी रबरी चप्पल घालून, लाटण्याच्या टोकाने मी ते बटण दाबलं. स्टुडिओ केला कापसाच्या खोलीत. भिंतींना फोम लाव म्हणत होतास. इथे आढ्यापर्यंत कापूस आहे, आपलाच श्वास आपल्याला ऐकू येतो. निम्मा तांडा ऊसतोडीला गेलाय, त्यामुळे बाहेरही शांत. तुझ्या पुण्यात तरी असली खोली आहे का?

रविवारी दुपारी याडीला आत नेलं. तिने माईककडे बघितलं आणि म्हणाली, "ह्याच्या गळ्यात पडून रडू काय मी?" (ती आपल्या बोलीत बोलली. तुझ्या मुलांना वाचता यावं म्हणून मी मराठीत लिहितोय.) शेवटी मीच उभा राहिलो. माझ्या गळ्यात हात टाकून तिने सुरू केलं. माझा एक हात तिच्या पाठीवर, एक तुझ्या डब्याच्या गेनवर, म्हणजे आवाज वाढवायच्या त्या गोल बटणावर. तू काय सांगितलं होतंस? "गेन हळूहळू वाढव आणि दिव्याकडे लक्ष ठेव." ठेवलं. लाल दिवा आधी लुकलुकत होता. आपल्याकडे मोटारीच्या स्टार्टरवरचे दिवे लुकलुकत असले तर वीज धड आलेली नसते; ते ठाम लागले की थ्री-फेज आली, मग मोटार सुरू. मीही तो दिवा ठाम लागेपर्यंत गेन वाढवत नेला. चाळीस मिनिटं तिने अख्खा ढावलो गायला, बापाचा, आईचा, भावांचा, कुठेही न अडखळता. दिवा एकदाही विझला नाही. मी मनातल्या मनात तुझं कौतुक करत होतो.

मग ऐकलं. पत्र्यावर खडी ओतावी तसा आवाज. तुला फोन केला, तर तू मीटिंगमध्ये. संध्याकाळी मेसेज: "भिया, लाल म्हणजे जास्त झालं. कमी करून परत एकदा घे." परत एकदा घे! जणू मी चहा सांडलाय! लक्ष ठेव म्हणालास, ते दिवा लागावा म्हणून की लागू नये म्हणून, हे सांगायला तुला आणखी दोन सेकंद लागली असती. ती दोन सेकंद तू वाचवलीस आणि माझ्या याडीचा आवाज घालवलास.

तरी दुसरा डबा पाठव. त्याला लाल दिवा नसावा.

तुझा भाऊ,
गोपीचंद

ता. क. डबा पाठवू नकोस. याडी आता माझ्यापुढे गायला तयारच नाही. म्हणते, "एका लग्नात नवरी दोनदा जाते काय? अन् गायाचंच असंल तं हेमसिंगले उभा कर." मुलींना ढावलो शिकवताना ती तुलाच उभं करायची, आठवतं? तू पाचव्या वर्षीही लगेच रडायचास. माझा गळा दगडाचा आहे म्हणते. (रेकॉर्डिंगमध्ये हुंदके ऐकू येतात, ते माझे नाहीत. मला सर्दी होती.)

दुसरा ता. क. सोबत पेनड्राइव्ह पाठवतोय. दिवा लागायच्या आधीचा सुरुवातीचा तुकडा स्वच्छ आलाय. तुझा डबा खरंच काही मिसळत नाही. त्यात याडी हळूच विचारते, "ह्याच्यात हेमसिंग आइकून राह्यला का?" त्यावर मी "हो" म्हणालो, तेही स्पष्ट ऐकू येतं. वीस तारखेच्या आत ये आणि ते खरं कर.