टू-लेटचा बोर्ड आणि मिशीवाला माणूस

प्रिय कृष्णामावशीला, बेंगळूरहून शिवलीलाचा वाकून नमस्कार.

आधीच सांगते, लिहिण्यात चुका असतील, पोटात घाल. नववीतच शाळा सुटली, त्यातून बाबांच्या मोबाईलवर एका बोटानं टाईप करतेय. एक ओळ होईस्तोवर दूध उतू जातंय (खरंच गेलं, आत्ता पुसून आले). तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला? म्हैस बरी आहे ना? आम्ही सगळे देवाच्या अन् ओनर अक्कांच्या कृपेनं त्याच घरात आहोत. त्याच घरात हे मुद्दाम लिहिलं, कारण मधे तसं राहील असं वाटत नव्हतं.

झालं काय, इथल्या पीण्या इंडस्ट्रियल एरियात बाबांच्या कारखान्याला ऑर्डरी नव्हत्या, पगार अडकला, अन् आमचं भाडं थकलं. ओनर म्हणजे घरमालकीण लक्ष्मीदेवी अक्का, वरच्या मजल्यावर राहतात. त्यांचे पणजोबा कधीतरी आपल्याकडून इकडं आलेले, म्हणून घरात मराठी बोलतात, पण भांडायला त्यांना कन्नडच लागतं. आधी त्या जिन्यावरून नुसतं जेवण झालं का विचारायच्या. त्या भाडं असंच मागतात. बाबांना ते कळायचं, पण ते झालं झालं म्हणत चप्पल हातात घेऊन गेटबाहेर पळायचे. मग एक दिवस जेवणाचं विचारणं बंद झालं अन् गेटला टू-लेटचा बोर्ड लागला. ॲडव्हान्समधून, म्हणजे डिपॉझिटमधून, थकलेलं कापलं असतं तर दुसऱ्या घराला द्यायला काय उरणार होतं? म्हणजे बोचकं बांधून गावाकडं यायचं, अन् गावाकडं म्हणजे तुझ्याच दारात की.

बोर्ड लागला की माणसं घर बघायला येणार. आई दिवसभर लोकांकडं स्वयंपाकाला, बाबा कारखान्यात पगाराची वाट बघत, घरी मी एकटी. तुला माहीत आहे, अनोळखी माणूस दिसला की माझी जीभ टाळूला चिकटते. पहिल्याच बाई उजेड किती, पाणी कधी, बेसिन गळतं काय, विचारत सुटल्या. मला काही सुचेना, मी हळदीकुंकवाची कोयरी आणून पुढं धरली. (कुंकू लावताना बोलावं लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा.) सवाष्णीला मोकळ्या कपाळानं पाठवू नको, हे आईनं शिकवलंय. ती सवाष्ण आपलंच घर घ्यायला आली तर काय करायचं, ते शिकवलेलं नाही. म्हणून मी सगळ्यांनाच लावलं. अन् कुंकू लावल्यावर ओटी नको? आईच्या ट्रंकेत ब्लाऊजपीस होते, कुणी कुणी दिलेले अन् आपण पुढं कुणाला तरी द्यायचे, तसले. ते फिरतच असतात, शिवत कुणी नाही. मूठभर तांदूळ अन् एकेक पीस देत गेले. बायका हरखून जायच्या, अन् गेटशी नवऱ्याला म्हणायच्या, या पोरीचं घर घेतलं तर पाप लागंल. परत कुणी यायचंच नाही. (मी मुद्दाम करत नव्हते गं, देवाशपथ.)

पण वीणाबाई म्हणून एक आल्या, नवऱ्याचं यशवंतपूर मार्केटात कांद्याचं दुकान. त्यांना घर फारच आवडलं. ओटी घेऊन सरळ वर गेल्या, ॲडव्हान्सचं बोलायला. ओनरच्या घरी पहिल्यांदा रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून मी दिलेला हिरवा पीसच त्यांनी अक्कांच्या हातात ठेवला. आता बघ, त्या पिसाच्या कोपऱ्यात निळ्या पेनानं मिशीवाला माणूस काढलेला होता. काढणारा अक्कांचा नातू विराट. अन् तो पीस संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईला देणाऱ्या अक्काच.

अक्का पीस हातात धरून खाली आल्या. कन्नड सुरू झालेलं, म्हणजे माझं संपलंच. माझाच पीस, माझ्याच घरातून, मलाच? असं त्या विचारत होत्या. मी खाली बघत कसंबसं म्हणाले, "अक्का, आमच्याकडं सगळ्यात चांगला तोच होता."

अक्कांनी माझ्याकडं बघितलं, मग त्या मिशीवाल्याकडं. मग आमच्या उंबऱ्यावरच बसल्या अन् मराठीत सांगायला लागल्या. घरात चिकपेटेच्या कापडबाजारातनं आणलेलं नव्या पिसांचं बंडल होतं, पण भाडं थकवलेल्यांना काय चांगलं द्यायचं, म्हणून त्यांनी रेघोट्या मारलेला शोधून काढला होता. (मला तर ती नक्षीच वाटली होती. तेही सांगून टाकलं, तर त्यांनी पिसाची घडी घालून मिशीवाला आत लपवला.) मी आपलं त्यांनाही कुंकू लावलं, दुसरं काही सुचेना. तशा उठल्या.

"सरी, ठीक आहे. गेटवरचा बोर्ड काढून आण," म्हणाल्या. "अन् बाबाला सांग, चप्पल पायात घालून जात जा."

वीणाबाईंना त्यांनी मागच्या गल्लीत भावजयीचं घर दिलं. आमचा पगार आता सुटलाय, थकलेलं थोडं थोडं जातंय. अक्का परत जिन्यावरून जेवणाचं विचारतात, अन् बाबा थांबून सांगतात, अर्धं झालं अक्का, उरलेलं पगाराला. मी रोज त्यांचा जिना झाडते, न सांगता. तोंडानं आभार मानायला मला जमत नाही, झाडू बरा.

काकांना नमस्कार.
तुझी शिवलीला

ता. क. खरं तर हे सांगायलाच लिहायला बसले. तो हिरवा पीस अक्कांनी मलाच दिला, अन् आता हा फिरवायचा नाही, शिवून पाडव्याला घालून वर ये म्हणाल्या. आईला हे सांगायचं राहिलं, तिनं तो गावाकडं येणाऱ्या महांतेशदादाबरोबर तुझ्या ओटीला पाठवला. मावशी, पाया पडते, शिवू नको, कुणाला देऊ तर मुळीच नको. दिला असशील तर तूच परत माग, मला मागता येणार नाही.

ता. क. दुसरं. अगं, वायरीवर माकड आलंय अन् त्याच्या हातात बाबांची कारखान्याची पँट आहे. ठेवते.