झाडाची मागची बाजू

वडसा,
होळी आठ दिवसांवर

प्रिय मयुरी,

पत्र पाहून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. घरात फोन असताना म्हाताऱ्याला पत्राची कुठून आठवण झाली असं तुला वाटेल. पण फोनवर मला बोलता येत नाही. तू विचारतेस, जेवलात का? मी म्हणतो, जेवलो. तब्येत? बरी आहे. एवढं झालं की मीच म्हणतो, काम पडलंय, ठेवतो. ठेवल्यावर मात्र फोन हातात घेऊन तसाच बसून राहतो, आणि काय काय सांगायचं होतं ते तेव्हा आठवायला लागतं. त्यातलं आज थोडं लिहितो.

झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम संपत आला. यंदा मला एकही पडदा रंगवायला आला नाही. कंपन्या आता छापील फ्लेक्स लावतात, राजवाडाही छापील आणि जंगलही छापील. मध्यंतरी इथल्या मंडईच्या जत्रेतलं नाटक पाहायला गेलो होतो. मागच्या जंगलात पाइनची झाडं होती! लोकांना काही वाटलं नाही, नाटक चांगलं रंगलं. मी मध्येच उठून घरी आलो. घरी येऊन सांगायला कुणी नव्हतं, म्हणून ही गोष्ट इतके दिवस तशीच राहिली होती. तू असतीस तर हसून लोटपोट झाली असतीस.

आपल्या तारेच्या झाडांचं काम मात्र चालू आहे. नागपूरच्या संग्रहालयाला भामरागडच्या संगमाचं मॉडेल करायचं आहे, दोन्ही काठांवरचं जंगल आपल्याकडे दिलं. मी दिवाळी झाल्यावर दोन महिने बसून झाडं केली. जळक्या मोटारीतली तांब्याची तार, पत्रूभाऊच्या करवतीखालचा भुसा, सागाच्या पानांसाठी रंगवलेला गव्हाचा कोंडा, सगळं तू लावून दिलेल्या पद्धतीनं. शेजारधर्म म्हणून पत्रूभाऊ अजूनही भुसा चाळूनच आणून देतो. खोकी भरून पाठवली आणि पंधरवड्यात परत आली. संग्रहालयातले गृहस्थ सज्जन होते, फोनवर फार जपून बोलले. म्हणाले, "काका, समोरून बघितलं तर डोळ्यांचं पारणं फिटतं. पण आमचं टेबल लोक चारी बाजूंनी फिरून पाहणार, आणि मागून झाडं रिकामी वाटतात."

मी खोकी उघडली. एकेक झाड ओट्यावर ठेवलं आणि मागून जाऊन पाहिलं. खरंच होतं. सगळ्या फांद्या माझ्याकडे तोंड करून होत्या, पानं माझ्या बाजूला, सावली-उजेडाचा रंगही माझ्याच बाजूला. जन्मभर पडदे रंगवले ना, पडद्यावरच्या झाडाला पाठ नसते. तू इथे होतीस तोवर सांगाडा तुझा असायचा आणि रंग माझा, म्हणून कधी उघडं पडलं नाही.

तुला तो दिवस आठवतो का, मला माहीत नाही. अतुल गेल्याला वर्ष होत आलं होतं. चार दिवसांचा ताप, मेंदूचा मलेरिया म्हणाले, आणि माझा पोरगा आणि तुझा नवरा एकाच वेळी गेला. त्या वर्षात आपण दोघं समोरासमोर ताटं वाढून बसायचो आणि ताटं तशीच उचलायचो. तू माझ्यासमोर रडायची नाहीस, मी तुझ्यासमोर. मग तो ज्या आर्किटेक्टकडे इमारतींची मॉडेलं करायचा, त्यांनी त्याचं राहिलेलं सामान पाठवलं. पक्कड, तारेची गुंडाळी, काडीवर खोवलेले ते हिरवे स्पंजचे गोळे, ज्यांना तो शिव्या घालायचा. "बाबा, तुम्ही एवढी जंगलं रंगवता, मले एक खरं वाटणारं झाड करून द्या ना," असं म्हणायचा. आणि त्यात एक अर्धवट पिळलेलं झाड होतं. मी ते खोकं माळ्यावर टाकणार होतो. तू ते माझ्या हातातून घेतलंस, दुपारभर दारात बसलीस आणि त्याच्या उरलेल्या फांद्या पिळून काढल्यास. मी लगेच रंगाचा डबा उघडला. तू म्हणालीस, "मामाजी, पह्यले त्याले चारी बाजूनं पाहा, मंग रंग." वर्षभरात तू मला सांगितलेली ती पहिली लांब गोष्ट. त्या संध्याकाळी आपण दोघंही जेवलो.

तर मी ठरवलं, आपणच जाऊन झाडांच्या मागे उभं राहायचं. गडचिरोलीला बस बदलली, आलापल्लीला बदलली, भामरागडला आपल्या ओळखीच्या वारलूच्या घरीच उतरलो. आपण दोघं गेलो होतो तेव्हा त्याच्या अंगणात ज्या खाटेवर तू बसली होतीस, ती आता मोडली आहे. पळस फुलला होता, मोहाची पानं गळत होती. नदीकाठच्या एका मोठ्या मोहाभोवती मी वही घेऊन फिरत होतो. एका बाजूची फांदी कुणी सरपणाला तोडलेली, तिथून नवे धुमारे बाहेर आलेले. नदीकडची बाजू उजेडाला ओढ घेऊन लांबलेली. मागच्या बाजूला गुरांनी अंग घासून खोड गुळगुळीत केलेलं. चारी बाजूंना चार झाडं म्हण.

वारलू बराच वेळ पाहत होता. शेवटी म्हणाला, "बापूराव, काई हरवलं का?"

"नाई, झाड पाहून राह्यलो."

"समोरून दिसत नाई?" तो खूप हसला आणि मग माझ्यासोबत फिरायला लागला. फिरता फिरता त्यानं विचारलं, "सून नाई आली?"

"तिचं लग्न लावून देल्लं," मी म्हणालो.

त्याला त्यात नवल वाटलं नाही. त्यांच्या माडिया लोकांत विधवेच्या लग्नात लपवण्यासारखं काही नसतंच. "चांगलं केलं," म्हणाला. "जवान पोरगी एकटी काऊन राह्यल? मंग, येते का घरी?"

मी म्हणालो, "येते." थोडं पुढे गेल्यावर म्हणालो, "नाई येत." त्यानं काऊन म्हणून विचारलं, तर मी वहीत फांदी काढायला लागलो. तो माणूस भला, त्यानं पुन्हा विचारलं नाही. रात्री त्याच्या घरी सगळी आपापसात माडिया बोलत होती. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण इतक्या माणसांच्या आवाजात झोपायला मिळालं ते किती दिवसांनी. सकाळी मला उठवावं लागलं.

त्याला दिलं नाही ते उत्तर तुला देतो. तुझ्या लग्नाच्या वेळी तुझा भाऊ आला नाही. आईवडील तर आधीच गेलेले. विधवा बहिणीचं दुसरं लग्न त्याला कमीपणाचं वाटलं, त्यानं तुझ्याशी बोलणं सोडलं. कन्यादानाला जोडपं पाहिजे म्हणून पत्रूभाऊ आणि अन्नपूर्णाबाई पाटावर बसले, मी बिनबायकोचा माणूस मागे उभा राहिलो. तुझा हात राजदीपरावांच्या हातात देताना अन्नपूर्णाबाईंनी मागे हात करून माझं बोट धरलं होतं, ते तुला दिसलं नसेल. जेवणं आटोपल्यावर राजदीपरावांच्या मोठ्या आत्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊ, वाईट नका मानू. पोरगी नव्या घरात रुजली पाह्यजे. तुमी सारखा फोन करान, हे सारखी तिकडं धावल, तं लोक बोलतीन. पह्यल्या घराची आठवण जेवढी कमी तेवढं बरं." बाई वाईट बोलल्या नाहीत. मला ते पटलं. आपणच लग्न लावून दिलं, मग आता वाटेत कशाला उभं राहायचं?

म्हणून मी फोन आखूड केले. दिवाळीला तू येऊ का विचारलंस तेव्हा घरभर सामान पसरलंय, मोठी ऑर्डर आहे असं सांगितलं. तेव्हा कसलीच ऑर्डर नव्हती. त्या दिवाळीत मी ओट्यावर एक पणती लावली आणि अन्नपूर्णाबाईंनी बोलावलं तर ताप आहे म्हणून सांगितलं. तू पुढे विचारणं सोडलंस. तुला वाटलं असेल, म्हाताऱ्यानं जबाबदारी उतरवली आणि हात झटकले. मला वाटत होतं, तू रुजत असशील. दोघंही आपापल्या जागी शहाण्यासारखे वागत होतो आणि घरात माझा आवाज मलाच ऐकू येईनासा झाला. कधी कधी झाड करताना मी मोठ्यानं विचारतो, "पाह्य बरं, बरोबर आहे का?" मग आपणच उठून पलीकडे जाऊन पाहतो.

संग्रहालयाची झाडं नव्यानं करून पाठवली, ती त्यांनी ठेवून घेतली. ही बातमी तुला फोनवर सांगणार होतो. पण त्याच दिवशी राजदीपरावांचा फोन आला. त्यांनी कधी एकट्यानं फोन केला नव्हता, मी हातातलं काम टाकून उठलो. म्हणाले, मयुरीला सातवा लागला, सगळं चांगलं आहे, तिनं तुम्हाला कळवलं नसेल, कारण कळवून तुम्ही पुन्हा काम आहे म्हणालात तर तिला सोसणार नाही. मग म्हणाले, घरी पहिल्या बाळंतपणाचा विषय निघाला, आईनं सहज विचारलं की माहेराहून न्यायला कोण येणार, तर मयुरी ताटावरून उठून गेली. "बाबा, तुम्ही याल का तिले न्यायले?" मयुरी, मी त्यांना "सांगतो" एवढंच म्हणालो आणि फोन ठेवला. तसाच चपला न घालता शेजारी गेलो. अन्नपूर्णाबाईंना सांगितलं तर त्या माझ्यावरच खेकसल्या, "इचार कायचा करता भाऊ? पोरगी आणाले इचार करा लागते का?" त्यांनी त्याच दिवशी गोधड्या धुवायला काढल्या. तुझ्या खोलीत मी कामाचं टेबल टाकलं होतं, ते पडवीत हलवलं. रंगाचा वास जावा म्हणून दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या आहेत. डॉक्टरीणबाईंना भेटून आलो, त्यांनी तुझे कागद सोबत आणायला सांगितले. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी मी तुमच्याकडे वर्ध्याला पोचतो. राजदीपरावांना तसं कळवलं आहे, येताना ते गाडी करून देतील. आत्याबाई घरी असतील तर असू देत, मी त्यांच्या पाया पडून तुला मागून घेईन. तू फक्त एवढं कर. मी दारात उभा राहिलो आणि कुणी विचारलं, हे कोण, तर अडखळू नकोस. माहेराहून न्यायला आलेत, म्हणून सांग.

तुझाच,
बाबा